आठव्या चौरसातली केतकी

“तिला घेऊन जा, काका,” तबल्याचे सर दारातच म्हणाले. “पण आधी तेवढा डग्गा सोडवा.”

मी आत डोकावलो. आठ मुलं भिंतीला पाठ लावून गुपचूप बसली होती आणि सतरंजीच्या मधोमध माझी नात केतकी डग्ग्याला मिठी मारून, त्याच्यावर कान टेकून पडली होती. मधूनच ती बोटानं हळूच एक टिचकी मारायची, आवाज पार विरेपर्यंत ऐकायची, आणि मग पुन्हा टिचकी.

“ऐकतेय की,” मी म्हणालो.

“पाऊण तास ऐकतेय. तोवर बाकीच्यांनी काय वाजवायचं? माझं डोकं?”

बिचाऱ्याचं खरं होतं. डग्गा एकच होता आणि गिऱ्हाइकं आठ होती. मी केतकीशेजारी जाऊन बसलो. तिला ओढून काही उपयोग नसतो, हे मी नऊ वर्षांत शिकलो होतो. तिचं पुरं व्हावं लागतं. वीस मिनिटांनी तिचं पुरं झालं. तिनं डग्गा चुंबळीवर नीट ठेवला, माझं मनगट धरलं आणि मला दाराकडे नेलं. सरांनी तोवर फोन करून टाकला होता.

फोन मला नाही, माझ्या सुनेला. प्रत्येक क्लासच्या अर्जावर मी वृषालीचाच नंबर द्यायचो. माझा फोन बहुतेक वेळ घरी चार्जिंगला असायचा. तिथंच तो सुखी असायचा. त्यामुळे ‘घेऊन जा’ म्हणणारे सगळे फोन वृषालीला बँकेत, काउंटरवर गिऱ्हाइकाच्या देखत यायचे.

संध्याकाळी घरी आल्या आल्या तिनं पर्स ठेवली आणि विचारलं, “काय बाबा, मोजणी कुठवर आली?”

हा टोमणा होता. मी तासगावच्या भूमी अभिलेख कार्यालयात तीस वर्षं मोजणीदार होतो. निवृत्त झालो तरी सवय निवृत्त झाली नाही. केतकीसाठी क्लास शोधायचं काम अंगावर घेतल्यावर मी एक फाइल केली होती आणि तिच्यात तक्ता आखला होता: क्लासचं नाव, तारीख, किती दिवस टिकली, शेरा. बुद्धिबळ, दोन दिवस. शेरा: सोंगट्या उंचीप्रमाणे ओळीत लावते, समोरच्यानं प्यादं हलवलं की परत जागेवर ठेवते. चित्रकला, एक दिवस. शेरा: फक्त रेघ काढते, कागद संपला तरी थांबत नाही. या दुसऱ्या शेऱ्यात बाईंच्या नव्या स्कूटरचा उल्लेख मी मुद्दाम टाळला होता.

“तबला, दीड तास,” मी म्हणालो. “पण आवड आहे बरं का तिला.”

“डग्ग्याची आवड आहे, बाबा. तबल्याची नाही.” वृषाली हसली, पण लगेच खुर्चीत टेकली. केतकी तिच्या चपला उचलून दाराशी जोडीनं लावत होती, टाचा भिंतीला चिकटवून. “पाच तारखेला कोल्हापूरला जायचंय. लक्षात आहे ना?”

लक्षात नसेल कसं! कोल्हापूरला अशा मुलांची एक निवासी शाळा होती आणि वृषालीनं अर्ज भरला होता. माझा मुलगा साखर कारखान्यात होता, त्याच्या पाळ्या बदलायच्या. वृषालीची बँक सहापर्यंत. केतकी बोलत नव्हती. डॉक्टरांनी ‘स्वमग्न’ म्हणून सांगितलं होतं. तहान लागली की ती आपल्या हातात पेला आणून द्यायची, नको असेल ते घराबाहेर नेऊन ठेवायची. एकदा माझ्या मित्राची काठी नेऊन ठेवली, तेव्हा तोही उठून गेला. तिचं सगळं व्यवस्थित चालायचं. नीट चालत नव्हतं ते माझं.

मार्चमध्ये एका दुपारी माझा डोळा लागला. दाराला कडी घालायची राहिली. केतकी घराबाहेर पडली आणि हमरस्त्यावर गेली. रस्त्याच्या मधोमध जो पांढरा पट्टा असतो, त्याच्यावरून पाऊल पुढे पाऊल टाकत ती चालली होती आणि दोन्ही बाजूंनी द्राक्षाचे ट्रक हॉर्न देत होते. एका रिक्षावाल्यानं तिला घरी आणलं, तेव्हा मी जागा झालो. त्या दिवसापासून मी दुपारी झोपलेलो नाही, आणि त्या दिवसापासूनच कोल्हापूरचा अर्ज टेबलावर होता. वृषालीनं मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

“एक जागा, बाबा,” ती म्हणाली. “रोज तास-दोन तास. जिथून मला कुणी फोन करून ‘घेऊन जा’ म्हणणार नाही, अशी एक जागा दाखवा. मी अर्ज फाडते. मला काय हौस आहे का तिला लांब ठेवायची?”

पाच तारखेला चौदा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केतकीला घेऊन एका संस्कार वर्गाची चौकशी करायला निघालो. वाटेत हायस्कूलचं मैदान लागतं. तिथं परवीन मुल्ला नावाच्या बाई सुट्टीत मुलींचं खो-खोचं शिबिर घ्यायच्या, सकाळ-संध्याकाळ. बाई पन्नाशीच्या, स्वतः तरुणपणी राज्यासाठी खेळलेल्या. गळ्यात शिट्टी, आणि ती शिट्टी नसती तरी चाललं असतं असा आवाज. मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या होत्या आणि मी कुंपणाशी थबकलो.

“काय ओ काका, काय बघताय?” बाईंनी लांबूनच हाक मारली.

“मधली पट्टी वाकडी आहे.”

“असूं द्या की. पोरी सरळ पळल्या म्हणजे झालं.”

“त्या खांबापाशी वीतभर फरक पडलाय, बाई. चौरस सारखे नाहीत.”

“मग या की उद्या फिता घेऊन! तोंडानं कोन बी मोजतंय.”

मोजणीदाराला असं बोलायचं नसतं. मी संस्कार वर्ग विसरलो आणि उद्याची वाट न बघता घरी जाऊन फिता, दोरी आणि खुंट्या घेऊन आलो. केतकी बरोबर होतीच. मी तिच्या हातात फित्याचं टोक दिलं, तिचा अंगठा शून्यावर ठेवला आणि दुसरं टोक ओढत निघालो. काटकोन धरायचा, दोन्ही खांब एका रेषेत आणायचे, मधल्या पट्टीवर आठ चौरस पाडायचे. तास लागला. त्या तासात फित्याचं टोक केसभरही हललं नाही. तीस वर्षांच्या नोकरीत असा शिपाई मला सरकारनं कधी दिला नव्हता.

मी फक्की मारली. रेघ पुढे सरकेल तशी केतकी तिच्यावरून पाऊल पुढे पाऊल टाकत मागे येत होती. एक क्षण मला हमरस्ता आठवला आणि मी फक्की मारायची थांबवली. पण इथं दोन्ही बाजूंना ट्रक नव्हते, तोंडं उघडी टाकून बघणाऱ्या अकरा मुली होत्या.

“झालं? आता खेळू का, साहेब?” बाई म्हणाल्या.

खो-खोत पाठलाग करणाऱ्या बाजूला नऊ जणी लागतात. आठ जणी आठ चौरसांत बसतात, एकीचं तोंड उजवीकडे, तर शेजारणीचं डावीकडे. नववी पळणाऱ्यांचा पाठलाग करते, बसलेल्या एखादीच्या पाठीवर थाप मारून ‘खो’ म्हणते आणि तिची जागा घेते. ती उठून पुढं धावते. पण शिबिरात मुली अकराच. तीन पळायला, एक पाठलागावर, म्हणजे बसायला उरल्या सात. आठव्या चौरसात बाईंनी कुणाची तरी चप्पल ठेवली होती. चपलेला वळसा घालून कोण पळणार? पोरी सरळ उडी मारून जायच्या, आणि बाई रोज घसा फोडायच्या.

त्या दिवशीही सात जणी बसल्या आणि बाईंनी चप्पल ठेवली. केतकीनं ती रांग बराच वेळ बघितली. मग ती चालत गेली, चप्पल उचलली, मैदानाच्या रेघेबाहेर नेऊन ठेवली आणि परत येऊन चौरसात बसली. नेमकी मधोमध. शेजारणीचं तोंड पूर्वेला होतं, हिनं पश्चिमेला केलं.

मी तिला उठवायला पुढे झालो.

“कुठं निघाला?” बाई ओरडल्या. “बसू द्या की. चपलेपेक्षा बरीच हाय.”

प्राची कांबळे नावाची एक मुलगी होती शिबिरात. दहा वर्षांची, आणि केतकीच्या वाटचंही तीच बोलते की काय, असं वाटावं इतकी बोलकी. ती म्हणाली, “बाई, पण तिला बोलता येत नाही. खो कसा म्हणणार?”

“तुला गप्प बसता येत नाही, तरी घेतलीय ना तुला?”

दोन दिवसांत काही गोष्टी कळल्या. एक, केतकीला बसायला आवडतं. दुसरी, एखादी मुलगी चुकून उलट तोंड करून बसली, की केतकी खेळ चालू असताना उठायची, तिचे दोन्ही खांदे धरून तिला फिरवायची आणि परत जाऊन बसायची. पोरी दिशा चुकायच्या बंद झाल्या. बाई म्हणाल्या, चार वर्षांत मला जे जमलं नाही, ते हिनं दोन दिवसांत केलं. आणि तिसरी गोष्ट, खो दिला तरी केतकी उठायची नाही. पाठीवर थाप पडली की ती मान वळवून थाप मारणारीकडे फक्त बघायची. खेळ तिथंच अडायचा.

“बाई, ही उठतच नाय!”

“मग तिला खो देऊ नका. दोन खांब आहेत ना मैदानात? तिसरा समजा.”

मला ते लागलं. पण केतकी तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला स्वतःच्या चपला घालून माझा फिता हातात घेऊन दाराशी उभी होती. तेव्हा मी लागलेलं सोडून दिलं.

रात्री जेवताना मी वृषालीला सांगितलं. “खो-खोला जाते ती. आठ दिवस झाले.”

“खो-खो?” तिचा घास हातातच राहिला. “काय करते तिथं?”

“बसते.”

“आणि?”

“बसते.”

“घरी पण बसतेच की, बाबा.”

“घरी चौरसात नाही बसत.”

ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. “तुम्ही तक्त्यात काहीही लिहाल. बाई तुमच्या ओळखीच्या झाल्यात, म्हणून चालवून घेत असतील. सुट्टी संपली की काय?”

बाईंनी दयेपोटी ठेवून घेतली असेल, ही शंका मलाही रात्री उशाशी यायची. तक्त्यातली शेऱ्याची जागा मी कोरी ठेवली होती. तसं मी नोकरीत कधीच केलं नव्हतं.

पाच तारखेला पहाटे आम्ही तिघं कोल्हापूरच्या एसटीत बसलो. केतकीच्या मांडीवर फिता होता. तिला कुठं चाललोय ते सांगितलं होतं, पण साडेसहा वाजले आणि गाडी मैदानाकडे वळली नाही, तेव्हा तिनं काचेवर तळवे टेकले आणि सांगलीपर्यंत ते काढले नाहीत. वृषाली दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत होती.

शाळा वाईट नव्हती, हे सांगायला हवं. स्वच्छ होती, माणसं मायेची होती. मला तिच्यात खोट काढायची होती, म्हणून मी पलंगांतलं अंतर नजरेनं मोजलं, तर तेही सारखं निघालं. दहाच्या सुमारास आम्ही ऑफिसात बसलो. क्लार्कनं अर्ज सहीसाठी पुढे सरकवला. वृषालीनं पेन काढलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

तिनं नंबर बघितला. ओळखीचा नव्हता. अशा फोनला तिचा चेहरा कसा होतो, ते मी तोवर कधी बघितलं नव्हतं. मी नंबर देऊन मोकळा व्हायचो. तिनं डोळे मिटले, एक श्वास घेतला आणि फोन कानाला लावला. परवीनबाईंचा आवाज सगळ्या ऑफिसात ऐकू येत होता.

“केतकीच्या आई का? मी परवीन मुल्ला, खो-खोची. अहो, सकाळी का नाही आली ती?”

“अं?”

“बरं नाही का तिला? आठवा चौरस रिकामा राहिला माझा. दोन पोरी उलट्या बसल्या, त्यांना सरळ करायला कोन न्हाई. आजोबांनी काय सांगितलं बी न्हाई. असं न सांगता दांडी मारलेली चालत नाही माझ्याकडं, सुट्टीत बी न्हाई आणि सुट्टीनंतर रोज संध्याकाळी खेळतो तवा बी न्हाई, आधीच सांगते!”

वृषालीच्या हातातलं पेन अर्जावर टेकलं होतं आणि तिथं शाईचा ठिपका मोठा होत चालला होता.

“हॅलो? ऐकू येतंय का? संध्याकाळी तरी येतीय का ती?”

“येते,” वृषाली म्हणाली. “संध्याकाळी येते. सकाळचं... चुकलं आमचं.”

फोन ठेवून तिनं पेनला टोपण लावलं. मग क्लार्कला विचारलं, “तासगावची गाडी किती वाजता आहे हो? हिची प्रॅक्टिस असते साडेचारला.”

क्लार्कनं आधी अर्जाकडं बघितलं, नंतर केतकीकडं. केतकी टेबलावरच्या फाइली कडेला कड लावून रचत होती. येताना गाडीत वृषाली माझ्या शेजारी बसली. सांगली गेल्यावर म्हणाली, “बाबा, त्यांना नंबर माझाच दिलात ते बरं केलंत.”

साडेचारला आम्ही तिघंही मैदानावर होतो. बाईंनी वृषालीला नमस्कार केला आणि मला फैलावर घेतलं. “ते असूं दे. एक पोरगी मामाच्या लग्नाला गेलीय. आज परत सातच बसायला. चला काका, बसा.”

“मी? माझं वय सदुसष्ट आहे, बाई.”

“बसायला वय लागतंय का? उठायचं नाहीच तुम्ही. नातीसारखंच.”

वृषाली पायरीवर बसून तोंडावर पदर धरून हसत होती. मी केतकीच्या शेजारच्या चौरसात एकदाचा टेकलो. गुडघ्यांनी काय ते सांगून घेतलं. टेकतोय न टेकतोय तोच केतकी आली, माझे दोन्ही खांदे धरले आणि मला पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरवलं. दुसऱ्यांदा येऊन तिनं माझं धोतर चौरसाच्या आत घेतलं. मग ती तिच्या जागेवर बसली, तोंड पूर्वेला.

शिट्टी झाली. पाठलागावर प्राची होती. दोन जणी बाद झाल्या, तिसरी काही सापडेना. धूळ उडाली. प्राची माझ्या समोरच्या बाजूनं धावत आली, दमलेली, लालबुंद, आणि घाईघाईत तिनं समोर दिसलेल्या पाठीवर थाप मारली. “खो!”

पाठ केतकीची होती.

“अगं तिला न्हाई!” बाई ओरडल्या. प्राचीनं जीभ चावली.

आणि केतकी उठली.

मला ते दिसलं नाही. मी उलटीकडे तोंड करून बसलो होतो. मला फक्त मैदान एकाएकी गप्प झालेलं ऐकू आलं. प्राचीसुद्धा गप्प होती, एवढ्यावरून काय ते समजा. मागे वळून बघायचं माझं धाडस झालं नाही. चालण्याचा आवाज आला, पाऊल पुढे पाऊल. ती कुणाचा पाठलाग करत नव्हती. आवाज माझ्या पाठीशी येऊन थांबला. मला वाटलं, मी पुन्हा रेघेबाहेर गेलो असणार, आता खांदे धरून मला सरळ करील.

पण खांद्यांवर हात पडले नाहीत. पाठीच्या मधोमध एक तळवा पडला, सपाट आणि चांगला जोरात.

नऊ वर्षं ती माझं मनगट धरून मला हवं तिथं नेत आली होती. मला ढकलून ‘तू जा’ असं तिनं कधी सांगितलं नव्हतं.

बाईंची शिट्टी वाजली. नियम म्हणजे नियम. “फाउल! खो म्हटलेलं न्हाई.”

“म्हटला की, बाई,” प्राची केतकीच्या चौरसातून म्हणाली. “मला ऐकू आला.”

“मला पण,” पलीकडची म्हणाली.

“मला पण!” पळणारी तिसरीसुद्धा खांबापाशी थांबून म्हणाली, आणि तिचा तर त्यात तोटाच होता.

बाईंनी पायरीकडं बघितलं. वृषाली उभी राहिली होती. पदर आता तोंडावर नव्हता, डोळ्यांवर होता. बाईंनी शिट्टी तोंडातून काढली आणि माझ्यावर खेकसल्या, “मग काका, बसलाय काय अजून? तुम्हाला खो मिळालाय!”

मी उठलो. कसा उठलो ते गुडघ्यांनाच माहीत. आणि धावलो, धोतर एका हातात धरून, जीव खाऊन, सरळ पूर्वेकडे. पूर्वेकडे धावायचं नसतं. तोंड पश्चिमेला असेल तर पश्चिमेकडेच धावावं लागतं, हे मला चौदा दिवस बघून पाठ झालं होतं. पण पूर्वेला केतकी उभी होती.

पुन्हा शिट्टी वाजली, आणि ही मात्र खरी होती. फाउल माझाच. केतकी आली, माझे दोन्ही खांदे धरले आणि मला सरळ केलं.